खाटेशी बोलणाऱ्या कुमुदताई

कुमुदताईंच्या घरी भाड्यानं राहायला गेले, त्या पहिल्याच संध्याकाळी मला वाटलं की बाईंकडे पाहुणे आलेत. मी वरच्या मजल्यावर खोक्यांतून भांडी काढत होते आणि खालच्या आतल्या खोलीतून त्यांचा आवाज जिन्यावरून वर येत होता. "आज चिंतामण गावाकडच्या एका म्हशीचं रेडकू आडवं आलं होतं. हात घालून सरळ केलं. दोघं पण वाचली. येताना टावर चौकातून सेव घेतली, लौंगवाली. गर्मी तर अशी की विचारू नको." मध्येच त्या थांबत आणि जरा वेळानं पुन्हा सुरू करत. दलालानं तर सांगितलं होतं की बाई एकट्याच आहेत, लग्न केलेलं नाही, सरकारी ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहेत, कसला त्रास नाही.

विरजण मागायला म्हणून मी खाली गेले. विरजण हे निमित्त. कोण आलंय ते पाहिल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. खोलीत एक ठेंगणी, रुंद, सुंभानं विणलेली खाट होती. तिच्यावर ना गादी ना चादर. समोर पाट टाकून कुमुदताई बसल्या होत्या आणि खाटेवर कोणीही नव्हतं.

"ये ना बेटा, दारात काय उभी आहेस," त्या म्हणाल्या. "माझं झालंच. चाय टाकते."

मी विरजण न घेताच वर आले आणि दाराच्या दोन्ही कड्या लावून घेतल्या. कऱ्हाडहून उज्जैनला बदलीवर येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. फ्रीगंजमधल्या आमच्या बँकेत सगळे म्हणत होते, नानाखेड्यात मराठी घरमालकीण मिळाली, नशीबवान आहात. नशीब काय ते आता कळलं, असं मी मनाशी म्हटलं.

पण रोज सकाळी दार वाजवून कोणी पोह्यांची बशी हातात देत असेल, तर त्या माणसाची भीती किती दिवस बाळगणार? कुमुदताईंच्या बशीत पोह्यांपेक्षा सेव जास्त असे. बाई उंच, हाडापेरानं थोराड, केस मानेपर्यंत कापलेले, साडीखाली कॅनव्हासचे बूट. हातांना कोपरापर्यंत फिनेलचा वास, जो आंघोळ करूनही जात नसे. त्यांची स्कूटर दिसली की रिक्षावाले आपणहून बाजूला होत, कारण बाई हॉर्न वाजवत नसत आणि ब्रेकही फारसा लावत नसत.

त्यांच्या मराठीची मी यथेच्छ टिंगल करत असे. "मी उद्या शाजापूरला जाऊन राहिली आहे," असं त्या म्हणत. मी म्हणे, "ताई, 'जाणार आहे' म्हणा." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "तुझी मराठी कपाटात ठेवायची आहे. सणावाराला काढायची. माझी रोज वापरून घासलेली आहे."

माझ्या तोंडाला कुलूप नाही असं माझी आई जन्मभर सांगत आली. तेव्हा खाटेचं मी विचारणार, हे ठरलेलंच होतं. एका रविवारी चहा पिता पिता विचारून टाकलं.

"अगं, ती चित्त्याची खाट आहे," त्या म्हणाल्या. कुणी सांगावं, ती सासऱ्यांची खुर्ची आहे, इतक्या सहज.

मी हसले. आमच्याकडे कऱ्हाडला उसात बिबट्या निघाला तरी लोक चित्ता म्हणतात, असं काहीतरी बोलले. ते त्यांना मुळीच आवडलं नाही. "बिबट्या वेगळा. ज्याच्या डोळ्यांतून काळी रेघ खाली येते, रडल्यासारखी, तो चित्ता. तो आपल्या देशातून संपला. आणि संपवण्यात आमच्या घराचा हात आहे."

त्यांचे पूर्वज दरबाराबरोबर दक्षिणेतून माळव्यात आले होते. बाकीच्या मराठी घराण्यांकडे हिशेब, दप्तर, पागा अशी कामं आली. यांच्याकडे चित्तेखाना आला. दरबाराला काळविटांच्या शिकारीचा नाद. त्यासाठी जंगलातून चित्ता धरून आणायचा, डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवायची, खाटेला बांधायचा आणि माणसाळवायचा. दौडवणं, शिकार दाखवणं ही पुरुषांची कामं. पण त्याच्याही आधीचं एक काम होतं, ते बायकांचं. त्याला त्यांच्या घरात 'बोलायला बसणं' म्हणत.

"जनावराला सगळ्यात जास्त भीती माणसाच्या आवाजाची," कुमुदताई म्हणाल्या. "ती मोडायची तर आवाजाचीच सवय लावायची. मग घरच्या लेकीसुना रोज संध्याकाळी खाटेसमोर पाट टाकून बसायच्या आणि बोलत राहायच्या."

"काय बोलायच्या?"

"काय पण. भाजी काय केली, कोणाची सासू कशी आहे. त्याला काय समजतं? त्याला फक्त आवाज पाहिजे. रोजचा, एकसारखा. पहिले पहिले तो थरथरतो. मग कान टवकारतो. मग एक दिवस तुमच्यासमोर मान खाली टाकतो. मग समजायचं, झाला आपला." त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे मेला."

बांधलेल्या चित्त्याला पिल्लं होत नसत. म्हणून एक मेला की जंगलातून दुसरा आणायचा, तो मेला की तिसरा. जंगल रिकामं होईपर्यंत हे चाललं. त्यांच्या पणजोबांच्या काळात शेवटचा चित्ता या खाटेवर मेला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पणजीनं सवयीनं पाट टाकला आणि ती बोलायला बसली. तिच्यामागून तिची सून बसली, मग कुमुदताईंची आत्या. वडिलांनी शहरातलं जुनं घर विकून नानाखेड्यात हे घर बांधलं, तेव्हा निम्मं सामान भंगारवाल्याला गेलं. खाट मात्र टेम्पोतून आली. आत्या गेल्यावर पाट कुमुदताईंकडे आला.

"आणि एखाद्या दिवशी नाही बोललं तर?"

"करकरते."

"लाकूड आहे ताई. हवेनं करकरणारच."

"मी पण हेच म्हणते," कुमुदताई म्हणाल्या. "तरी बोलून घेते. माझं काय जातं."

पुढे एकदा त्या कामासाठी भोपाळला गेल्या होत्या. मी खाली दिवा लावायला गेले आणि खाट करकरली. जड जनावर कूस बदलतं, तशी. लाकूड आणि हवा वगैरे सगळं मी विसरले. दार ओढून घेतलं, बाहेर जिन्याच्या पायरीवर बसले आणि बँकेतली झाडून सगळी भांडणं मोठ्यानं सांगितली. शेजारच्या वहिनींनी गॅलरीतून विचारलं, "दीदी, फोन पे हो क्या?" मी हो म्हटलं.

माळव्यातल्या शेतकऱ्यांच्या शिव्या कुमुदताईंनी जितक्या ऐकल्या, तितक्या कुणी ऐकल्या नसतील. बैल दाखवायला आलेला माणूस बैलाचं नंतर सांगे. आधी काळविटांचे कळप सोयाबीन कसं फस्त करतात ते सांगे. कुमुदताई शांतपणे ऐकत आणि म्हणत, "भैया, जिस घर में सास न हो, वहाँ बहुएँ दिन भर खाती हैं।" मला त्यांनी मराठीतून नीट उलगडून सांगितलं होतं. मारणारा असला की चरणारे एका जागी ठरत नाहीत, म्हणून गवत वाढतं, गवतात ससे, टिटव्या, माळढोक वाढतात, पाणी मुरतं. मारणारा गेला की सगळं चरून साफ, आणि माणूस म्हणतो ही जमीन पडीकच आहे, नांगरून टाका. "माळाची सासू अपणच मारली," त्या म्हणत. "आणि आता सुनांना नावं ठेवतो."

म्हणून जेव्हा बाहेरदेशातून चित्ते आणून आमच्या प्रांतातल्या एका जंगलात सोडायचं ठरलं, तेव्हा साऱ्या उज्जैनमध्ये त्या बातमीनं एकच माणूस रडलं असेल. तिथे पशुवैद्य हवे होते. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, गुडघे दुखतात, तरी कुमुदताईंनी आपणहून नाव दिलं. सामान बांधताना मी विचारलं, इतकी धडपड कशासाठी?

"सगळ्यांना त्याचं तोंड बघायचं आहे," त्या म्हणाल्या. "फोटो काढायचा आहे. मला त्याची पाठ बघायची आहे. आमच्या घरातल्या कोणी कधी बघितली नाही. एक चित्ता मला बघून, माझा आवाज ऐकून पळून जाताना दिसला पाहिजे. मग मी सुटले." निघताना पाटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याला तू सांभाळ. तुला तर बोलायला काही अडचण नाही."

तशी मी त्यांच्या घराण्याच्या नोकरीत लागले. रोज संध्याकाळी पाटावर बसून मी भाजीचे भाव, मॅनेजरचे नखरे, कऱ्हाडचा पाऊस असं सगळं त्या मोकळ्या सुंभाला सांगत असे. सुरुवातीला हसू यायचं. मग सवय झाली. एखाद्या संध्याकाळी बोलता बोलता वाटायचं की कोणीतरी खरंच ऐकतंय.

जंगलातला नियम कुमुदताईंनी मला फोनवर सांगितला होता. तिथे चित्त्यांच्या कुंपणापाशी कोणी बोलायचं नाही. कुंपणाला हिरवं कापड लावलेलं, मांस झरोक्यातून आत सरकवायचं, खुणांनी काम करायचं. कारण उद्या हे जनावर मोकळं सुटेल, आणि माणसाचा आवाज म्हणजे धोका हे त्याला कळत राहिलं, तरच ते गावांपासून लांब राहील आणि जगेल. "आमच्या घराच्या अगदी उलट," त्या म्हणाल्या. "बरं झालं. मी पण जरा गप्प बसायला शिकेन."

दिवाळीला त्या चार दिवसांसाठी घरी आल्या. वाळल्या होत्या, पण डोळ्यांत चमक होती. एक मादी मोकळी सुटली होती. पिंजऱ्याचं दार वर गेलं, ती बाहेर आली, क्षणभर थबकली आणि सरळ गवतात निघून गेली. "पाठ बघितली, शुभा," त्या म्हणाल्या. मी त्यांना मिठी मारली. एवढ्या थोराड बाईला मिठी मारायची म्हणजे मला टाचा उंचवाव्या लागल्या.

फराळ झाला, दिवे लावून झाले, आणि पाटावर बसायच्या वेळी त्या एकदम दाराशीच थांबल्या.

"तुला एक सांगायचं आहे," त्या म्हणाल्या. "तिथे कोणाला सांगितलं नाही."

ती मादी विमानातून आली ती खातच नव्हती. बाकीचे सावरले, ती मात्र कोपऱ्यात तोंड घालून पडून राहिली. औषध द्यायचं तर बेशुद्ध करावं लागणार, आणि तो धक्का तिला सोसेल याची खात्री कोणी देईना. एका संध्याकाळी हरिसिंह नावाचा वनरक्षक जेवायला गेला होता. कुमुदताई हिरव्या कापडाच्या अलीकडे, जमिनीवर, एकट्याच बसल्या होत्या. आत श्वास ऐकू येत होता, नुसता उथळ.

"तोंडातून कधी निघालं, मला समजलंच नाही," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, आज भाजी काय केली, माहीत आहे? भोपळ्याची. कच्ची राहिली. मग बोलतच गेले. हळू, अगदी हळू. आणि शुभा, थोड्या वेळानं आतून हाड फुटल्याचा आवाज आला. ती खात होती."

"मग चांगलंच झालं की."

"दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही खाल्लं. मी पुन्हा बसले. अशी कितीतरी संध्याकाळी बसले. हरिसिंह म्हणाला, 'मैडम, आपने क्या जादू किया?' मी म्हटलं, मांस ताजं होतं. खोटं बोलले." त्यांनी खाटेच्या चौकटीवर हात ठेवला. "मी तिला खाटेवर घेतलं."

मी त्यांची समजूत घातली. तुम्ही बोलला नसतात तर ती मेली असती, आणि आता तर ती जंगलात शिकार करते आहे, पाठ दाखवून गेली की नाही? त्यांनी मान डोलावली. त्या रात्री चार घास जास्त जेवल्या. माणसाला पटवून घ्यायचं असलं की पटतं, आणि मलाही ते तेव्हा पटलं होतं.

मोहरी काढणीला आली होती, तेव्हा ते घडलं. मला कळलं ते हरिसिंहकडून, कारण कुमुदताई फोन उचलत नव्हत्या, त्यांचा फोन त्यानं उचलला. जंगलाच्या कडेला एका वाडीत बायका मोहरी कापत होत्या. कापता कापता गप्पा चालल्या होत्या, जशा चालतात. कोणाचं लग्न, कोणाची म्हैस. शेजारच्या उभ्या पिकातून ती मादी बाहेर आली. धावून नाही, दबा धरून नाही. चार पावलं चालली, बायकांच्या समोर बसली आणि तिनं पुढच्या पायांवर मान टाकली.

"बैठ गई, दीदी," हरिसिंह म्हणाला. "जैसे बात सुन रही हो।"

बायका किंचाळल्या. माणसं लाठ्या-दगड घेऊन धावली. त्यांना तरी काय दोष द्यायचा? समोर वाघासारखं जनावर, आणि बांधावर तान्ही पोरं झोपलेली. हरिसिंह आणि त्याचे साथीदार मागावर होतेच. ते पोहोचले म्हणून ती वाचली. पण मागचा पाय मोडला होता. तो जुळला, वाकडा जुळला. वाकड्या पायाच्या चित्त्याला हरीण मिळत नाही. तिला परत आणलं आणि मोठ्या कुंपणात ठेवलं, जन्मभरासाठी.

कुमुदताईंनी मग वरिष्ठांना सगळं सांगून टाकलं. त्यांना कोणी रागावलं नाही. तहान असेल, पोट भरलेलं असेल, उन्हानं थकली असेल, एवढ्याशा बोलण्यानं असं होत नाही, असं सगळे म्हणाले. खरंही असेल ते. कुमुदताईंनी ऐकून घेतलं. तिथलं काम संपेपर्यंत मान खाली घालून केलं आणि निवृत्त होऊन घरी आल्या.

पोहे येत राहिले, पण बशी दाराबाहेर ठेवलेली असे. टावरवरची सेव, माझ्या कपाटातल्या मराठीची टिंगल, म्हशींची बाळंतपणं, सगळं बंद झालं. गल्लीतला कोणी गाय घेऊन आला तर हातानं तपासत, औषध देत आणि मान हलवून निरोप देत. पाट त्यांनी भिंतीला उभा करून ठेवला होता. आणि खाट करकरत होती. अगदी रोज, दिवेलागणीला, वर माझ्या खोलीत ऐकू येईल इतकी. मी उगाच कुकर लावायची, रेडिओ लावायची. शेवटी एकदा खाली जाऊन म्हटलं, "ताई, तुम्हाला नको असेल तर मी बसू का बोलायला?"

"नको," त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी इतका स्पष्ट आवाज ऐकला. "कोणीच नको. मी सोचत होते, हा चित्ता इतकी वर्षं गेला का नाही? मेला, तरी गेला नाही. अगं, अपण जाऊच दिला नाही. रोज संध्याकाळी बसून पुन्हा पुन्हा पकडत राहिलो. पणजीनं, आत्यानं, मी. आणि तुला पण कामाला लावलं." करकर चालूच होती. दोघी ऐकत बसलो. त्या शांतपणे दिव्याची वात सारखी करत होत्या.

त्यांचं पोटातलं दुखणं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. जनावराला जरा चारा नकोसा झाला की ओळखणारी ही बाई, स्वतःचं दुखणं वर्षभर अंगावर काढत बसली. याचा मला त्यांच्यावर अजून राग आहे. पुण्याहून भाचा आला, परत गेला, पुन्हा आला. फ्रीगंजमधलं हॉस्पिटल माझ्या बँकेपासून जवळ, म्हणून संध्याकाळ माझ्याकडे असे. पहिल्या दिवशी मी शहाण्यासारखी गप्प बसून राहिले. त्यांना आता शांतता आवडते, असं मी धरून चालले होते.

त्यांनी माझा हात धरला. एवढा मोठा हात, आता नुसती हाडं. "बोल," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काय पण. भाजी काय केली?"

मी बोलले. दोडका केला होता, तो करपला. मॅनेजरची बदली झाली, नवा त्याहून वाईट आहे. चिंतामणच्या रस्त्यावर खड्डे पडलेत. त्यांचे डोळे मिटलेले असत, पण मी थांबले की उघडत. पुन्हा सुरू केलं की कपाळावरच्या आठ्या सैल होत. मी किती गोष्टी सांगितल्या असतील त्या संध्याकाळींत! खऱ्या संपल्या तेव्हा रचून सांगितल्या.

एकदा न राहवून म्हटलं, "ताई, तुम्हाला बोललेलं चालतं आणि त्याला नाही, हा कुठला न्याय?"

त्या हसल्या, बऱ्याच दिवसांनी. "मी माणूस आहे, बेटा. माणसाला जाताना पण बोलणारं कोणी लागतं. त्याला नाही लागत." मग दम खात खात म्हणाल्या, "घरी दिवा लावत जा. पण त्या खोलीत एक शब्द बोलू नको. काही पण होऊ दे. त्याला जाऊ दे. देतेस वचन? तुझ्या तोंडाचा मला भरवसा नाही."

मी वचन दिलं.

त्या गेल्या तेव्हा मी त्यांना आमच्या शाखेतल्या बंद पडलेल्या कूलरची गोष्ट सांगत होते. हात सैल झाला, पण मला कळलं नाही. गोष्ट पुरी करून मी विचारलं, "ऐकताय ना?" नर्सनं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी फार रडले. माझ्या सख्ख्या मावशीला मी इतकी रडले नव्हते.

रामघाटावरचं क्रियाकर्म सगळं भाच्यानं केलं. सज्जन मुलगा. मला म्हणाला, मावशी, तुम्ही राहा इथेच, मला तरी कुठे यायचंय. जाताना आतल्या खोलीत डोकावला आणि विचारलं, ही खाट भंगारात देऊन टाकू का? मी म्हटलं, राहू दे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्या खोलीत दिवा लावते आणि गप्प उभी राहते. माझ्यासारखीला हे उपासापेक्षा कठीण. सुरुवातीला खाट अशी करकरायची की वाटायचं, ही मलाच हाक मारते आहे, एक शब्द टाक म्हणून विनवते आहे. जीभ दातांखाली धरून मी बाहेर येत असे. मग करकर कमी झाली. यंदाच्या पावसाळ्यात तर एकदाही ऐकली नाही. पावसाळ्यात हवा रोज बदलते, लाकूड कधी फुगतं, कधी आवळतं. खरं तर तेव्हाच करकरायला हवी होती.

गेल्या आठवड्यात, दिवेलागणीलाच, हरिसिंहचा फोन आला. मोठ्या कुंपणात त्या वाकड्या पायाच्या मादीला पिल्लं झाली होती, हे मला ठाऊक होतं. कुमुदताई होत्या तेव्हाच झाली, पण त्यांनी त्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. नुसतं ऐकून भिंतीकडे तोंड केलं होतं. पिल्लं वाढली कुणाच्याही आवाजाशिवाय, आईच्या आवाजात. त्यांतलं एक आता मोकळं सोडलं होतं. त्या दिवशी गवत कापायला आलेल्या बायका पायवाटेनं बोलत बोलत येत होत्या. ते पिल्लू, आता मोठी मादीच झालेली, गवतात आडवी पडली होती. आवाज कानावर पडला आणि ती उठली आणि पळाली.

"भागी, दीदी. ऐसी भागी कि चेहरा किसी ने नहीं देखा। बस पीठ दिखी।" मग तो म्हणाला, "मैडम होतीं तो..."

मी फोन टाकून जिना उतरले, दोन दोन पायऱ्या करत, आतल्या खोलीचं दार ढकललं आणि तोंड उघडलं. ताईंना सांगायचं होतं. आत्याला, पणजीला, त्या पाटावर बसलेल्या सगळ्या बायकांना सांगायचं होतं. शब्द अगदी ओठावर आले होते. समोर रिकामी खाट होती. सुंभ ताणलेलं, अगदी निवांत.

तोंड मिटलं. दिवा लावला. दार हळूच ओढून घेतलं आणि चपला घालून नानाखेड्याच्या बस स्टँडपर्यंत चालत गेले. इंदूर, आगर, देवास म्हणून कंडक्टर ओरडत होते, हॉर्न वाजत होते, कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. त्या गलक्यात उभी राहून मी म्हटलं, "ताई, पाठ दिसली."